कोरी आगबोट

मार्थाने आजोबांनी दिलेली टिनाची आगबोट उलटी केली, तिच्या पोटाखालून अंगठा फिरवला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. अंगठ्याला काजळी लागली होती. "आजोबा, ही वापरलेली आहे," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. दूधवाला आला आहे असे सांगावे तसे तिने सांगितले. नाताळची सकाळ होती. चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले होते, सिसिल तळलेल्या फुगियांचे ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, धाकटा सायमन चुरगळलेला रंगीत कागद पुन्हा पुन्हा पायांनी चुरगळत होता. वेताच्या खुर्चीत बसलेल्या बस्त्यावला आपल्या कानांच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या. आणि मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "अस्सं? मग त्या बाईने जुनी दिली असेल." आवाज शांत होता. पालघरच्या वाचनालयात तीस-पस्तीस वर्षे ज्या आवाजात त्याने वाचकांना "ते पुस्तक बाहेर गेलंय" असे सांगितले, तोच आवाज. त्याला त्या आवाजाचे नवल वाटले. तो इतका सरावलेला असेल असे त्याला वाटले नव्हते.

"कोण बाई?" पास्कलने विचारले. पास्कल त्याचा जावई, बोईसरजवळच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर स्टोअरकीपर. येणारा प्रत्येक नट, प्रत्येक नळी हातात घेऊन, फिरवून बघायची त्याला सवय. त्याने तशीच आगबोट फिरवून बघितली. धुराड्याजवळ लाल रंगाला फोड आले होते. "ह्याला आच लागलीय. चांगली दहा वेळा चालवलेली आहे ही. कोण बाई, पपा?"

"पालघरला स्टेशनजवळ बसते. मैनाबाई म्हणून आहे." नाव सांगायची काही गरज नव्हती. पण कोणी विचारले की उत्तर द्यायचे, एवढेच त्याला येत होते.

"उद्या तुम्हाला सोडायला जीप आहेच. जाऊ आपण तिच्याकडे."

"राहू दे, पास्कल. एवढंसं खेळणं."

"खेळण्याचा प्रश्न नाही, पपा. माणूस म्हातारा, चष्मा लावलेला, भिडस्त. बघितलं आणि खपवलं. माझ्याकडे असला माल आला तर मी ट्रकसकट परत पाठवतो."

"अहो, सणाच्या दिवशी तरी नका," सिसिल म्हणाली. पण तीही वडिलांकडे ज्या नजरेने बघत होती त्यात माया होती, आणि कोणाकडूनही फसवल्या जाणाऱ्या माणसाबद्दल असते तसली थोडी कीवही होती. ती कीव बस्त्यावने मुकाट्याने घेतली. मार्था आगबोट मांडीवर ठेवून बसली होती. "आमच्याकडे सगळंच वापरलेलं आहे," ती म्हणाली. "मला वाटलं ही तरी कोरी असेल."

हे त्याला माहीत नव्हते. किंवा माहीत होते पण त्याने त्याचा असा विचार केला नव्हता. मुलांच्या खोलीची एक भिंत खेळण्यांनी भरून गेली होती. विजेवर धावणारी आगगाडी, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली, खरा दिवा लागणारे बाहुलीचे घर, एक हात उसवलेले अस्वल, सायमनच्या गुडघ्याएवढा ट्रक. गोऱ्या इंजिनियरांचे काम संपले की ती कुटुंबे परत जात, आणि जाताना मुलांचे सामान इथेच ठेवून जात. कोणी विकत, कोणी असेच देऊन टाकत. स्टोअरमधल्या माणसाशी सगळ्यांचा संबंध येई, म्हणून ते सामान पास्कलच्या घरी सगळ्यांत आधी येई. नोव्हेंबरात बस्त्याव आला होता तेव्हा त्या भिंतीसमोर उभा राहून त्याला घाबरल्यासारखे झाले होते. ह्यांना आता मी काय देणार? दर नाताळला तो पुस्तके देत असे. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी मार्था जमिनीवर बसून ब्लेडने बाहुलीच्या पाठीवरचे काहीतरी खरवडत होती. तो म्हणाला, "जपून, हात कापेल." काय खरवडते आहेस, हे त्याने विचारले नाही. आता त्याला कळले. तिथे दुसऱ्या कुठल्यातरी मुलीचे नाव होते.

त्याच भेटीत निघताना सिसिल म्हणाली होती, "पपा, यंदा पुस्तकं नकोत हं. रागावू नका. तुमची पुस्तकं त्यांनी ट्रंकेत घातलीत, म्हणतात शाळेसारखं वाटतं." तो हसून म्हणाला होता, "बरोबर आहे त्यांचं." आणि बोईसरहून गाडीत बसल्यावर त्याला ट्रंकेतला तो अंधार, डांबराच्या गोळ्यांचा तो वास इतका स्पष्ट जाणवला की जणू त्यालाच आत घातले होते. मग पंधरा दिवस तो पालघरच्या बाजारात फिरत राहिला. भोवरा पाहिला. भिंगरी पाहिली. लाकडी बैलगाडी हातात घेतली आणि खाली ठेवली. जे पाहावे त्याच्यापेक्षा चांगले त्या भिंतीशी होते. वस्तू हातात घ्यायची, मार्थाच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायचे, आणि लाजून खाली ठेवायची. दुकानदार त्याच्याकडे बघू लागले. खेळणी चिवडणारा एकटा म्हातारा कसा दिसत असेल ह्याची त्याला कल्पना होती.

मैनाबाईचे दुकान म्हणजे स्टेशनाबाहेर चिंचेखाली मांडलेली फळी. बांगड्या, सुया, फण्या, काळे मणी, आणि एका टोकाला खेळणी. "काय मास्तर, आज चार दिस बघताय," ती म्हणाली. तो मास्तर नव्हता, पण चष्म्यामुळे सगळे म्हणत. "पोर झालाय का कुणाला घरात?"

"नातवंडांना काहीतरी हवंय. त्यांच्याकडे सगळं आहे."

"सगला हाय त मग कशाला घेता? त्यांच्याकडनंच एक मागून आना तुमाला." ती हसली. मग तिने एका खोक्यातून टिनाची आगबोट काढली, लाल-निळी, तळव्याएवढी. तोंडात पाणी घेऊन ते तिच्या मागच्या दोन नळ्यांत फुंकले, पोटात तेलाची वात पेटवून ठेवली आणि चहावाल्याच्या पातेल्यात तिला सोडले. क्षणभर काही झाले नाही. मग आगबोट थरथरली, फट् फट् फट् असा बारीक घाईचा आवाज करू लागली आणि कोणी न ढकलता पाण्यातून निघाली. "ही माझी दाखवायची. तुमाला कोरी देते," असे म्हणून तिने दुसरी, कागदात गुंडाळलेली, त्याच्या पिशवीत घातली. तो घरी गेला तो कसा गेला हे त्याला आठवत नव्हते. फक्त पिशवी त्याने छातीशी धरली होती.

चालते की नाही ते बघायला हवे, असे त्याने स्वतःला सांगितले. नाताळच्या दिवशी चालली नाही तर? पालघरच्या माहीम रस्त्यावरच्या आपल्या खोलीत त्याने दुपारी दाराला कडी घातली, मोरीतले घंगाळ भरले, आणि कागद अशा बेताने सोडवला की पुन्हा तसाच घालता यावा. पहिल्यांदा त्याच्या हातून नळ्यांत हवा राहिली. दुसऱ्यांदा वात विझली. तिसऱ्यांदा ती निघाली. घंगाळाच्या काठाकाठाने, तांब्याच्या पत्र्याला घासत, फट् फट् करत. बस्त्याव उकिडवा बसला होता. गुडघे दुखत होते आणि ते दुखणे दूरच्या कोणाचे तरी वाटत होते. करपलेल्या तेलाचा वास, गरम टिनाचा वास, पाण्यावर उठून भिंतीवर थरथरणारा उजेड. ती विझेपर्यंत तो हलला नाही. मग त्याने पुन्हा वात घातली. दुसऱ्या दिवशी त्याला कोणतेही कारण सापडले नाही, तरी त्याने कडी घातली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चंद्रकांताबाईंनी दार वाजवले. "अहो मास्तर, शिवणयंत्र आणलंत की काय? दुपारचं फटफट ऐकू येतंय." त्याने ओल्या हातांनी आगबोट टॉवेलखाली दडपली आणि टॉवेल जळल्याचा वास येऊ लागला. "नाही, नाही. खिडकीचं दार वाजतं," तो आतून म्हणाला. त्या वयात, त्या मोरीत, धोतर गुडघ्यांवर घेतलेल्या अवस्थेत, त्याचे हृदय चोरासारखे उडत होते. आणि तरी खरे सांगायचे तर तो सुखी होता. तेच त्याला सगळ्यांत लाजिरवाणे वाटले.

लहानपणी कोणी त्याला खेळू दिले नाही असे नव्हते. वसईकडच्या त्यांच्या गावात वडिलांची केळीची वाडी होती, खायला होते. एका मे महिन्यात पाद्रीबाबांचा पुतण्या मुंबईहून चावीचे जहाज घेऊन आला होता आणि त्याने वाडीच्या पाटात ते सोडले होते. सगळी मुले पाटात उतरली. पुतण्याने जहाज त्याच्यापुढे धरले. "तुला सोडायचं का?" बस्त्याव म्हणाला, "नको." का म्हणाला? हवे असताना हवे म्हणायला काहीतरी अंगात असावे लागते, ते त्याच्या अंगात नव्हते. पुढे मुंबईला छापखान्यात नोकरी मिळत होती, तो नको म्हणाला. वाचनालयात मोठे पद मिळत होते, नको म्हणाला. रेजिना, त्याची बायको, शेवटच्या आजारात एकदा त्याच्याकडे बघून म्हणाली होती, "तुम्हाला कधी काहीच कसं हवंसं वाटलं नाही हो?" तिला त्यात मीही येते असे म्हणायचे होते का, हा प्रश्न त्याने दहा वर्षे बाजूला ठेवला होता. लोक त्याला निर्मोही म्हणत. आणि हा निर्मोही माणूस आता नातवंडांच्या आगबोटीत वात घालत होता.

नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याने ती उलटी करून पाहिली तेव्हा पोट काळे झालेले होते. राखेने घासली, चुन्याने घासली. काजळी थोडी निघाली, ओरखडे मात्र उठले. नवी घ्यावी म्हणून तो मैनाबाईच्या फळीपाशी गेला. "काय, एवढ्यात बुडाली?" असे ती विचारील हे त्याला तिच्या तोंडाकडे बघूनच ऐकू आले, आणि तो सुयांचे पाकीट घेऊन परत आला. नंतर पुन्हा एकदा गेला, पुन्हा सुया घेऊन आला. चर्चमध्ये पापनिवेदनाला गेला तेव्हा फादरांच्या जाळीपाशी गुडघे टेकून त्याने रागाचे पाप सांगितले, आळसाचे सांगितले. आगबोटीचे पाप दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेखाली येते ते त्याला ठरवता आले नाही. तरुण फादर हसतील अशी भीती वाटली. शेवटी कागद होता तसा गुंडाळला. मुले काय एवढे बघणार, त्यांच्याकडे एवढी खेळणी आहेत, असे तो मनाशी म्हणाला. आणि सगळ्यांत बारीक बघणारी मुले हीच, हे त्याला सुचले नाही. ज्यांना प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या हातून मिळते त्यांना हाताच्या खुणा वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. पुढे पास्कल आणि ड्रायव्हर, मागे बस्त्याव, मार्था आणि सायमन. मुलांना पालघर बघायचे होते. आगबोट मार्थाच्या मांडीवर होती. बोईसरच्या नाक्यावर मजुरांची रांग रस्ता ओलांडत होती. "जल्दी करो भाई, साहब को देर होती है," ड्रायव्हर ओरडला, आणि पास्कल ताठ बसला. उमरोळीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताच्या गंज्या सुरू झाल्या. आता सांगावे, बस्त्यावने ठरवले. गंज्या संपायच्या आत. पास्कल, ती आगबोट मीच. इथपर्यंत वाक्य तयार होते. त्यापुढे कोणते क्रियापद घालावे? वापरली? तपासली? खेळलो? त्याने 'तपासली' पसंत केले आणि लगेच त्याला स्वतःची किळस आली. गंज्या संपल्या. स्टेशनाजवळची गर्दी दिसू लागली. पास्कल मागे वळून म्हणाला, "पपा, तुम्ही काही बोलू नका. मी बघतो." आणि बस्त्यावला सुटल्यासारखे वाटले. हे सुटल्यासारखे वाटणे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवायचे होते.

मैनाबाई बांगड्या भरत होती. समोर सातपाटीची नवसी कोळीण मासळीची रिकामी पाटी शेजारी ठेवून बसली होती, हात पुढे करून. पास्कलने आगबोट फळीवर ठेवली. "बाई, म्हातारा माणूस बघून जुना माल खपवता?"

"कोन बोलला जुना?"

"हे बघा. जळलेलं आहे. घासून पुसून दिलंय."

मैनाबाईने आगबोट उचलली, पाहिली, आणि मग पास्कलच्या खांद्यावरून मागे बस्त्यावकडे पाहिले. "मास्तर, तुमी बोललात असा?"

त्याने चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसू लागला. ड्रायव्हर उतरून आला होता, चहावाला पुढे झाला होता.

"आगं मैने, जुनी दिलीस त दिलीस, बोलून टाक," नवसी म्हणाली. "मी बी कालची बोंबलं आजची म्हनून खपवते. देव काय बगत बसत नाय."

"तू गप बस. तुजी बोंबलं नाकाला कलतात. मी कोरी दिली. ह्याच फलीवर कागदात गुंडालून दिली." तिचा आवाज चढला, आणि चढतानाच त्यात काहीतरी तुटले. "बारा वरसां मी हितं बसते. जावईबापू, हितं सगल्यांना इचारा. माज्याकडनं कुनी फसलाय का इचारा."

"मग हे जळलं कसं? आपोआप?" पास्कल म्हणाला. "दुसरी द्या. नाहीतर मी स्टेशनवरच्या पोलिसाला बोलावतो. उद्या इथं बसायला मिळतं का बघू."

मैनाबाईचा चेहरा उतरला. तिने खोक्यात हात घातला. ती दुसरी आगबोट काढून देणार होती. तशी ती देणार, आणि मग पुढे रोज ह्या फळीवरून जाताना लोक तिला जुना माल खपवणारी म्हणणार. बस्त्यावने पाहिले की बांगडीचे गिऱ्हाईक असलेल्या नवसीने हात मागे घेतला आहे.

"मी खेळलो," तो म्हणाला.

कोणी ऐकले नाही. त्याला पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने. "पास्कल, तिनं कोरीच दिली होती. मी खेळलो तिच्याशी. घरी. घंगाळात."

चहावाला आधी हसला. मग नवसी. "आगो बाय! म्हातारा खेलला!" पास्कल हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. त्याने सासऱ्याच्या दंडाला धरले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पपा, लोक ऐकताहेत. हिला वाचवायला काहीतरी बोलू नका. तुमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे."

"स्वभाव नाही. खरं आहे."

"बघा," पास्कल लोकांना म्हणाला, "असा देवमाणूस. आणि ह्याला तुम्ही फसवता."

तेव्हा बस्त्यावच्या लक्षात आले की सांगणे पुरे नाही. आयुष्यभर काही न मागितल्यामुळे आता कोणी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याने मैनाबाईच्या हातातून ती काजळलेली आगबोट घेतली. चहावाल्याकडे पातेले मागितले. त्याने ते भरून दिले, डोळा मिचकावून. बस्त्याव तिथेच, स्टेशनाबाहेरच्या धुळीत, उकिडवा बसला. पाण्याचा घोट घेतला, एक नळी ओठांत धरून दुसरीतून येईपर्यंत पाणी सोडले, मग उलट. हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत बोट थोडी तिरपी धरली. मैनाबाईने वात आणि तेल पुढे केले. वात त्याने चिमटीने मोडून अर्धी केली, कारण पूर्ण वात धूर करते. त्याचे हात न अडखळता चालत होते. ते काय करताहेत हे सगळ्यांना दिसत होते. एकदा केलेल्या माणसाचे ते हात नव्हते. फट् फट् आवाज सुरू झाला तेव्हा हसणे थांबले, आणि मग पहिल्यापेक्षा मोठे सुरू झाले. सायमन टाळ्या वाजवू लागला.

पास्कल जीपकडे निघून गेला होता. त्याची पाठ दिसत होती. मैनाबाई बांगड्यांची टोपली आवरत होती. "मास्तर," ती वर न बघता म्हणाली, "मी तुमाला इचारला तवाच बोलायचा व्हता."

"हो," तो म्हणाला.

मार्था अजून उभी होती. ती आगबोटीकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती, आणि तो अजून उकिडवाच होता. "तुम्हाला आवडते ही?" तिने विचारले.

"आवडते."

"मग मला कशाला दिलीत?"

जीपचा हॉर्न वाजला. मार्थाने सायमनचा हात धरला आणि ती निघून गेली. पातेल्यातली वात अजून जळत होती, लोक अजून बघत होते, आणि तो जमिनीवर हात टेकून तसाच बसून राहिला, कारण ती विझल्याशिवाय उठावेसे त्याला वाटत नव्हते.